साठा पाहिला, सुस्थितीत आहे

शिफारस क्रमांक चौदा वाचली आणि मी चहाचा कप इतक्या जोरात खाली ठेवला, की बशीला तडा गेला. बशी माझी स्वतःची होती, म्हणून कुणाला जाब द्यावा लागला नाही.

शिफारस अशी होती: ‘प्रत्येक रुग्णालयाने साथीसाठी संरक्षक साहित्याचा राखीव साठा स्वतंत्र खोलीत दुहेरी मोहोरबंद करून ठेवावा. मोहोर अभंग असल्याची खात्री करून भांडारपालाने दरवर्षी तसे प्रमाणपत्र द्यावे.’ म्हणजे पूर्वी एक मोहोर होती, आता दोन. साथ येऊन गेली, माणसं गेली, तीन वर्षं समिती बसली, एकशे बारा पानांचा मसुदा निघाला, आणि एवढ्या सगळ्यातून अक्कल काय आली, तर आणखी थोडी लाख वितळवा.

मी रुग्णालयाची भांडारपाल. मला सगळे स्टोअरबाई म्हणतात, माघारी आणखी काही म्हणतात तेही मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं मी त्या स्टोअरात काढली आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. मसुद्यासोबत पत्र होतं, की अनुभवी भांडारपाल म्हणून आपण मसुदा वाचावा आणि पंधरा दिवसांनी समितीपुढे येऊन मत मांडावं. एवढा मान मला का, ते परिशिष्टात कळलं. तिथे आमच्याच रुग्णालयाचं कौतुक छापलं होतं. इतर ठिकाणचे राखीव साठे साथ येण्याआधीच कुणी ना कुणी पळवले होते, पण आमची मोहोर ‘अकरा वर्षे अभंग राहिली, हे अनुकरणीय आहे’.

अनुकरणीय! ते वाचून माझे कान तापले. अख्ख्या राज्यातली रुग्णालयं आता माझं अनुकरण करणार होती, आणि माझं अनुकरण केलं तर काय होतं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी, दुसरे आमचे हे.

ती खोली कशी होती ते आधी सांगते. तळमजल्यावरच्या लांब मार्गिकेच्या टोकाला, धुलाईखान्याला लागून. पूर्वी एकदा कुठल्याशा तापाची नुसती आवई उठली होती, तेव्हा वरून हुकूम आला आणि तिथे राखीव साठा ठेवला गेला. साठ खोकी मास्क, हातमोजे, झगे, चष्मे. ती खोली मीच निवडली, कारण तिथे ओल नव्हती. ओल का नव्हती, याचा विचार मी केला नाही. भिंतीच्या पलीकडे धुलाईखान्याचा बॉयलर होता आणि ती भिंत बारा महिने कोमट असायची. हिवाळ्यात शिपाई तिला पाठ लावून उभे राहायचे आणि मी त्यांना हाकलायचे. भिंत कोमट आहे हे मला पाठीनं ठाऊक होतं, डोक्यानं नव्हतं.

दाराला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाखेची मोहोर. मोहोर तोडायची तर दोन साहेबांच्या सह्या लागत, आणि विनासही तुटलेली सापडली तर भांडारपालाची नोकरी जाई. दरवर्षी एक छापील फॉर्म यायचा. त्यावर एकच वाक्य होतं: ‘साठा पाहिला, सुस्थितीत आहे.’ मी मार्गिकेच्या टोकाला जायचे, मोहोर पाहायचे, बोटानं चाचपायचे, आणि सही करायचे. अकरा वर्षं, अकरा सह्या. मी साठा एकदाही पाहिला नव्हता. मी दार पाहिलं होतं.

यात मी काही चोरी केली नाही, खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. साठा पाहायचा तर मोहोर तोडावी लागणार, मोहोर तोडली तर नोकरी जाणार, मग फॉर्ममधल्या ‘पाहिला’चा अर्थ ‘दार पाहिलं’ असाच असणार, अशी आपली मीच माझी समजूत घालून घेतली. पुढे पुढे तर मला त्या मोहोरेचा अभिमान वाटायला लागला. तपासणीला कुणी आलं की त्यांना मी मुद्दाम मार्गिकेच्या टोकापर्यंत चालवत न्यायचे आणि नवी नवरी दाखवावी तसं ते दार दाखवायचे.

आता वन्संबद्दल. माझी नणंद याच रुग्णालयात परिचारिका होती, छातीच्या वॉर्डाची प्रमुख. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. वयानं आम्ही बरोबरीच्या, पण मी तिला अहो-जाहो करते आणि ती मला अगं-तुगं, आणि घरात तिचाच शब्द चालतो. साथ आली त्या आठवड्यात तिनं मला मार्गिकेत गाठलं. डोंगरापलीकडच्या छोट्या दवाखान्यातल्या लोकांकडे एकही मास्क नव्हता. तिच्या वॉर्डात चांगल्या मास्कची तीन खोकी शिल्लक होती. तिनं विचारलं, “वहिनी, राखीव साठा पाहिलास का?”

मी म्हणाले, “पाहिला. सुस्थितीत आहे.”

फॉर्मवरचं वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं, की विचार न करताच निघालं. तिनं त्याच दिवशी तिन्ही खोकी डोंगरापलीकडे पाठवून दिली.

चार दिवसांनी दोन सह्या आल्या आणि मोठे डॉक्टर, वन्सं, मी असे तिघं दारापुढे उभे राहिलो. मोहोर मी स्वतः तोडली. आतली हवा कढत होती. पहिलं खोकं उघडलं, मास्क पांढरेशुभ्र, अगदी नवे. वन्संनी एक उचलला, तोंडाला लावला, पट्टी डोक्यामागे ओढली आणि पट्टी तुटली. दुसऱ्याची तुटली, तिसऱ्याची तुटली. तुटताना आवाजही होत नव्हता, वाळकं गवत तुटावं तशा त्या तुटत होत्या. हातमोजे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. साठाच्या साठ खोक्यांत झगे आणि चष्मे तेवढे धड निघाले.

आमचे हे शिंपी आहेत. दुकान तेव्हा बंदच होतं. त्यांनी शिवणयंत्र हातगाडीवर घालून रुग्णालयात आणलं, स्टोअरच्या बाहेरच्या खोलीत मांडलं, आणि पाच दिवसांत त्या मास्कना कापडी बंद शिवले. मी कापत होते, ते शिवत होते. कितीही चांगलं शिवलं तरी नाकावरचा मऊ पट्टाही मेला होता, त्यामुळे चेहरा आणि मास्क यांच्यात फट राहायची. दुसऱ्या दिवशी बंद शिवता शिवता, मान वर न करता, ते एवढंच म्हणाले, की खणात पडलेलं इलॅस्टिक दोन उन्हाळ्यांत मरतं, हे कुठल्याही शिंप्याला माहीत असतं. तीस वर्षं मी शिंप्याच्या घरात राहत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवव्या दिवशी वन्संना ताप आला. बावीस दिवस त्या आपल्याच वॉर्डात, आपण लावलेल्या शिस्तीत, दुसऱ्यांच्या हातची सुई घेत पडून होत्या. त्या वाचल्या. त्यांच्या वॉर्डातली आयामावशी वाचली नाही. सगळ्यांच्या आधी येऊन फरशी पुसणारी, आणि ओल्या फरशीवर पाय ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई. तिचा मास्कही आमच्याच शिलाईचा होता. त्या फटीमुळेच ती गेली असं कुणी सिद्ध करू शकत नाही. हा युक्तिवाद मी स्वतःपुढे पुष्कळ वेळा करून पाहिला, पण तो माझ्याच गळी उतरला नाही.

चौकशी झाली तेव्हा ‘पुरवठादाराने निकृष्ट माल दिला’ असा निष्कर्ष निघाला. पुरवठादाराचा धंदा केव्हाच बुडाला होता, त्यामुळे उलट उत्तर द्यायलाही कुणी नव्हतं. मी गप्प बसले. वन्संनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, की माल मुळातच खराब होता. वन्सं तीन वर्षं त्या पुरवठादाराला शिव्या देत होत्या आणि मी समोर बसून हो ला हो करत होते. वाईट याचं वाटतं, की त्या शिव्या इतक्या चांगल्या असायच्या, की मला हसूही यायचं.

तर अशा बाईला समितीनं अनुभवी म्हणून बोलावलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. ‘मसुदा उत्तम आहे’ असं लिहायचं, चार महिने काढायचे, निवृत्तीवेतन घेऊन घरी बसायचं. पण मग गावोगावच्या रुग्णालयांत खोल्या निवडल्या जाणार, कोरड्या, मस्त कोमट, त्यांवर दोन-दोन मोहोरा लागणार, आणि माझ्यासारख्या कुणी बाया वर्षाकाठी दार पाहून सह्या करणार. पुढची साथ दहा वर्षांनी येवो नाहीतर वीस, त्या दिवशी कुणीतरी सिस्टर पट्टी ओढणार. हे डोळ्यांपुढून हलेना. आणि खरं सांगायचं तर समितीची मला भीती नव्हती. भीती होती ती घरातल्या माणसाची. समितीला सांगायचं ते आधी वन्संना सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. मध्येच थांबून श्वास घ्यायचा, पुन्हा सोलायचं, अशी त्यांची आता लय झाली आहे. हे शेजारच्या खोलीत यंत्रावर होते.

मी म्हणाले, “वन्सं, तो माल खराब आला नव्हता.”

त्यांनी शेंग सोलली. “मग?”

“आला तेव्हा चांगलाच होता. त्या उबेत पडून मेला. मी अकरा वर्षं दाराकडे बघून सही करत होते. आत काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं.”

शेजारच्या खोलीतलं यंत्र थांबलं.

“मी तुला साठा आहे का असं नव्हतं विचारलं,” वन्सं म्हणाल्या. “पाहिलास का, असं विचारलं होतं.”

“हो. आणि मी पाहिला म्हणाले.”

त्यांनी उरलेल्या शेंगा सोलल्या, एकही न टाकता. मग टेबलाला धरून उठल्या, वाटेत दाराशी दम घेतला, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी ते दार बघत बसले. दार बघण्याची मला सवयच आहे.

पुढचे चार दिवस त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मी समोर उभी असताना भावाला सांगायच्या, की तुझ्या बायकोला सांग, दूध उतू जातंय. हे दोघींच्या मध्ये टपालखात्याचं काम करत होते आणि निरोप पोचवताना आपल्या पदरची एक मात्राही घालत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले तेव्हा मात्र म्हणाले, “भांडायला दम लागतो. ती साठवतेय.”

दरम्यान मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. माणूस वाईट नाही, साथीत त्यांनी स्वतः स्ट्रेचर ढकलले आहेत. मी काय सांगणार आहे ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, की सांगायचं ते जरा गोल सांगा, ‘काही ठिकाणी साठ्याचा दर्जा अपेक्षेप्रमाणे नव्हता’ वगैरे. तुमची सही असलेली अकरा प्रमाणपत्रं खोटी होती असं तुम्ही लेखी दिलंत, तर खातं डोळ्यांवर कातडं ओढून बसू शकणार नाही. चौकशी लागेल, निवृत्तीवेतन अडकेल. शेवटी म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, स्टोअरबाई.”

मी म्हणाले, “मूठ उघडली तेव्हा तुम्ही तिथेच होता, साहेब. काय निघालं आत?”

त्यांनी मला एक गोष्ट करू दिली, जी ते नाकारू शकले असते. नष्ट करायच्या मालात त्या साठ्यातलं, बंद शिवायचं राहून गेलेलं एक खोकं अजून पडून होतं. ते समितीपुढे नेण्याच्या परवानगीवर त्यांनी सही केली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वन्सं माझा मसुदा हातात घेऊन आल्या. नाकावर चष्मा. सगळी एकशे बारा पानं त्यांनी वाचली होती आणि पेन्सिलीनं झोडपली होती. खुर्चीत बसल्या, श्वास जमवला.

“मी तुला माफबिफ केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ते होईल तेव्हा होईल, नाहीतर नाही होणार. पण तू तिथे काय सांगणार आहेस ते मला ऐकव.”

मी ऐकवलं. मोहोर नको, कुलूप साधं ठेवा, साठा कोमट भिंतीपासून लांब ठेवा, दरवर्षी उघडून पाहा. वन्सं ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, होकाराची नव्हे.

“उघडून कोण पाहणार? तूच ना? तू खोकं उघडशील, पांढरेशुभ्र मास्क बघशील आणि सही करशील. ते तर त्या दिवशीही दिसायला नवेच होते.” त्या थांबल्या. दम घेतला. “सांभाळणाऱ्यानं सही करायचीच नाही. ज्याच्या तोंडाला लागणार आहे त्यानं करायची. घालून, वॉर्डात काम करून, मग.”

हे मला सुचलं नव्हतं. चौतीस वर्षं माल दिला-घेतला, पण माल कुणाच्या तरी अंगावर चढतो तेव्हाच तो माल असतो, हे मला त्या बाईनं सांगावं लागलं. शेजारच्या खोलीतून हे म्हणाले, की पडून राहू देऊ नका म्हणावं, जुना आधी वापरा, नवा मागे लावा, आमच्या दुकानात धाग्याची रिळं अशीच चालतात. टपालखात्यानं पहिल्यांदाच स्वतःचं पत्र टाकलं होतं.

समितीची बैठक सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर होती. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, कुणीच पीत नव्हतं. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या डाव्या हाताला हिशेब-तपासनीस साहेब, आणि मला आधीच कळलं की दुहेरी मोहोर ही त्यांची कल्पना. त्यांनी माझं स्वागत इतकं प्रेमानं केलं, की मला अवघडल्यासारखं झालं. अकरा वर्षं अभंग, म्हणाले, अशी माणसं हवीत.

मी खोकं टेबलावर ठेवलं आणि प्रत्येकापुढे एक मास्क ठेवत गेले. म्हणाले, की हा त्याच अभंग मोहोरेआडचा माल आहे, जरा घालून पाहा. काही जण हसले. अध्यक्षबाईंनी मात्र चष्मा काढला, मास्क तोंडाला लावला, पट्टी मागे ओढली. पट्टी त्यांच्या बोटांत राहिली आणि मास्क पाण्याच्या बाटलीवर पडला. मग इतरांनी ओढून पाहिलं. हसणं थांबलं.

तपासनीस म्हणाले, की पुरवठादार निकृष्ट होता हे अहवालात आहेच.

“तो अहवाल चुकीचा आहे,” मी म्हणाले. “पुरवठादारानं चांगला माल दिला होता. तो मी उबेला ठेवला, अकरा वर्षं उघडला नाही, आणि दर वर्षी ‘पाहिला’ म्हणून सही केली. त्या सहीवर विश्वास ठेवून आमच्या प्रमुख सिस्टरनं आपल्याकडचे चांगले मास्क दुसऱ्यांना दिले. ती आता अकरा पायऱ्या चढताना तीनदा बसते. तिच्या वॉर्डातली एक बाई गेली.”

मी खुर्चीत बसले नाही, कारण बसले असते तर पुन्हा उठले नसते.

तपासनीस साहेब चिडले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. इतर ठिकाणी साठा चोरीला गेला ही काही दंतकथा नाही. कुलूप सैल ठेवलं तर गरज पडेल त्या दिवशी खोली रिकामी असेल, त्याचं काय? उघडा माल आणि सरकारी नोकर, दोघांचं नातं त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मी म्हणाले, “चोरी होईल, साहेब. थोडी होईलच. पण दर महिन्याला खोली उघडली तर महिन्याभरात कळेल. माझी चोरी अकरा वर्षं कुणाला कळली नाही, आणि तुमच्या मसुद्यात तिचं कौतुक छापून आलं. चोरानं नेलेला मास्क निदान कुणाच्या तरी तोंडाला लागतो.”

अध्यक्षबाईंना हसू आलं असावं, त्यांनी ते बाटलीतलं पाणी पिऊन लपवलं. मग वन्संची अट मी सांगितली आणि शिंप्याच्या रिळांचीही सांगितली: दर महिन्याला साठ्यातला बारावा हिस्सा वॉर्डात रोजच्या वापराला काढायचा, तेवढाच नवा मागे लावायचा, आणि प्रमाणपत्रावर सही भांडारपालाची नाही, तर त्या दिवशी तो माल घालून वॉर्डात ड्युटी केलेल्या माणसाची.

हे सगळं लिहून द्याल का, अध्यक्षबाईंनी विचारलं. तोंडी बोललेलं त्या परिशिष्टात घालू शकत नव्हत्या. लेखी दिलं तर ते खात्याकडे जाणार आणि खातं पुढचं करणार, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांच्या मनात असतं तर त्या ते सांगायचं टाळू शकल्या असत्या, म्हणून मला त्या आवडल्या.

मी कागद मागितला आणि त्यांच्यासमोरच लिहिला. ‘काही ठिकाणी’ असं कुठेही लिहिलं नाही. ‘मी’ असं लिहिलं. खाली सही केली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मी जे वर लिहिलं होतं ते खरोखर पाहिलेलं होतं.

पंधरा दिवसांत चौकशीची नोटीस आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत निवृत्तीवेतनाचा मोठा भाग रोखून ठेवला जाईल, असं तिच्यात होतं. मी ती ह्यांना वाचून दाखवली. ह्यांनी ऐकून घेतलं आणि दुकानाबाहेर ‘जुने कपडे दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी लावली, जी त्यांना इतकी वर्षं कमीपणाची वाटत होती. स्टोअरात काही जण माझ्याशी बोलेनासे झाले. इतक्या वर्षांच्या सह्या त्यांच्याही होत्या, कुठल्या ना कुठल्या दारावरच्या. त्यांचं मला कळतं.

शिफारस क्रमांक चौदा बदलली. सगळी नाही, तपासनीसांनी कुलपाच्या दोन किल्ल्या ठेवायला लावल्या, आणि बारावा हिस्सा वाटाघाटीत विसावा झाला. त्यावर मी दोन दिवस चरफडले. पण मोहोर गेली. आमच्या रुग्णालयात नव्यानं आलेला साठा धुलाईखान्याशेजारी न ठेवता उत्तरेच्या बाजूच्या खोलीत ठेवला आणि नव्या पद्धतीनं पहिल्यांदा उघडायचा दिवस ठरला. माझ्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता.

त्याच दिवशी वन्संची छातीची तपासणी होती, त्यामुळे आम्ही दोघी बरोबरच गेलो. म्हणजे तपासणी दुसऱ्या दिवशीही चालली असती, पण त्यांनी तो दिवस मागून घेतला होता. गेले तीन-साडेतीन महिने आम्ही बोलत होतो तसं, मिठाचं, दुधाचं, औषधाचं. त्यापलीकडचं नाही.

मार्गिकेत त्या पहिल्या बाकावर बसल्या, उठल्या, दुसऱ्या बाकावर बसल्या. तिथून ती नवी खोली दिसते. बाहेर छातीच्या वॉर्डाची नवी प्रमुख सिस्टर वाट बघत उभी होती, वन्संच्याच हाताखाली शिकलेली. वन्संनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वहिनी, साठा पाहिलास का?”

तेच वाक्य, तीच मार्गिका. माझी जीभ सवयीनं हलली. मी ती दातांखाली धरली.

“नाही,” मी म्हणाले. “आणि माझ्या पाहण्याला अर्थ नाही. तुम्ही बघा.”

त्यांनी हात पुढे केला. उठायला मदत हवी असली की त्या हात भावाकडे करतात, माझ्याकडे केला नव्हता तीन-चार महिन्यांत. मी धरला. दोघी खोलीपर्यंत गेलो. नव्या सिस्टरनं खोकं फोडलं आणि पहिला मास्क आपल्या जुन्या बाईंच्या हातात दिला. वन्संनी तो उलटसुलट पाहिला, पट्टी बोटांवर घेतली आणि ओढली, अशी की आता तुटणारच. तुटली नाही. सुटली ती सणकन बोटांवर बसली, आणि वन्सं कळवळल्या.

मास्क त्यांनी नव्या सिस्टरच्या तोंडावर स्वतःच्या हातांनी चढवला, नाकावर दाबला, कडेनं बोट फिरवून फट शोधली. फट नव्हती. मग तिला वॉर्डात जायला सांगितलं, आणि ड्युटी संपल्यावरच फॉर्मवर सही कर, आधी केलीस तर माझ्याशी गाठ आहे, असं दम घेत घेत बजावलं.

आम्ही दोघी बाकावर परत येऊन बसलो. वन्सं लाल झालेलं बोट चोळत होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि मी दोन्ही करत होते. मग त्या म्हणाल्या, “त्या पुरवठादाराला मी तीन वर्षं उगाच शिव्या दिल्या. त्या आता तुला घ्याव्या लागतील.”

मी म्हणाले, “द्या. कितीही दम लागला तरी मी बसून आहे.”